तयारी की प्रायश्चित्त? रणजीचे वेळापत्रक वाचताना

२३ जानेवारी २०२५, गुरुवार. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्र आणि बडोदा यांचा रणजी सामना सुरू झाला होता. आम्ही नाशिककर या मैदानाला अजून गोल्फ क्लबच म्हणतो. हवेत गारवा होता, निवृत्त मंडळी स्वेटर घालून उन्हाची जागा धरून बसली होती. तासाभराने मागून एका तरुणाने विचारले, ‘‘काका, काय झालं?’’ मी समोरचा धावफलक सांगू लागलो, तर तो म्हणाला, ‘‘इथलं नाही हो, रोहितचं काय झालं?’’

रोहित शर्मा त्या सकाळी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर जम्मू-काश्मीरविरुद्ध खेळत होता. २०१५ नंतरचा त्याचा हा पहिलाच रणजी सामना. तो ३ धावांवर बाद झाला होता. त्याच फेरीत यशस्वी जयस्वाल, शुभमन गिल, ऋषभ पंत, रवींद्र जडेजा हेही आपापल्या राज्याकडून उतरले होते. पुढच्या फेरीत, ३० जानेवारीला, विराट कोहली २०१२ नंतर प्रथमच दिल्लीकडून रणजी खेळला आणि तो सामना पाहायला दिल्लीत हजारो लोक लोटले. ‘तारे जमिनीवर आले’ अशा सुरात दोन आठवडे लिहिले, बोलले गेले.

मला मात्र एक साधा प्रश्न सुचत होता आणि तो कोणी विचारत नव्हते. हे सामने कोणत्या कसोटीची तयारी होते? भारताची आधीची कसोटी सिडनीत ५ जानेवारीला संपली होती. पुढची होती २० जूनला, लीड्सला. मध्ये साडेपाच महिने. रणजीनंतर लगेच काय होते, तर इंग्लंडविरुद्धचे एकदिवसीय सामने आणि चॅम्पियन्स करंडक. म्हणजे लाल चेंडूचा हा सराव पांढऱ्या चेंडूच्या तोंडावर होता. पुढे ७ मे रोजी रोहितने आणि १२ मे रोजी विराटने कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला. लीड्सला दोघेही नव्हते. ज्या सामन्यांना आपण पंधरा दिवस ‘तयारी’ म्हणत होतो, ते या दोघांना कोणत्याही कसोटीपर्यंत घेऊन गेले नाहीत. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाकडून झालेल्या पराभवानंतर लोकांसमोर घेतलेले ते प्रायश्चित्त होते.

हा लेख त्या प्रायश्चित्ताविषयी नाही, ते ज्यामुळे घ्यावे लागले त्या वेळापत्रकाविषयी आहे.

दोन ओळींचा कागद

मी क्रिकेटचा रीतसर अभ्यासक नाही. जुने धावफलक, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि वार्षिकांक यांच्या आधारे जे शिकलो तेवढेच माझे शिक्षण. पण बऱ्याच वर्षांपासूनची एक सवय आहे. नव्या मोसमाच्या तारखा जाहीर झाल्या की मी एका मोठ्या कागदावर दोन आडव्या ओळी आखतो. वरच्या ओळीत भारतीय संघाचे सामने, खालच्या ओळीत देशांतर्गत स्पर्धा. मग कागद उभा वाचतो. एखादी कसोटी वर जिथे सुरू होते, तिथून बोट खाली आणायचे आणि डावीकडे सरकायचे. त्या कसोटीआधी खेळाडूला चार दिवसांचा सामना मिळण्याची सोय होती का, एवढेच पाहायचे.

आपल्याकडे या विषयावर जी चर्चा होते ती बहुतेक वेळा ‘किती’ची असते. क्रिकेट किती झाले, विश्रांती किती मिळाली, अमुक खेळाडू रणजी किती खेळला. माझा कागद मला ‘आधी काय आणि नंतर काय’ हे विचारायला शिकवतो. तयारी हा मुळात क्रमाचा प्रश्न आहे. पेरणी कितीही केली तरी ती पावसाआधी केली की नंतर, यावर पीक ठरते.

जेव्हा क्रम लागत होता

जुना काळ सोन्याचा होता, असे मला म्हणायचे नाही. १९४६ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा दौरा मेच्या सुरुवातीला वूस्टरला सुरू झाला आणि पहिली कसोटी लॉर्ड्सला २२ जूनला. मधले सहा-सात आठवडे कौंटी संघांशी सामने. त्या दौऱ्यात विजय मर्चंट यांनी २३८५ धावा केल्या, विनू मांकड यांनी हजार धावा आणि शंभर बळी असा दुहेरी पराक्रम केला. तरीही तीन कसोटींची ती मालिका भारत हरलाच. तयारी म्हणजे विजयाची हमी नव्हे, हे सुरुवातीलाच मान्य करू.

पण त्या पिढ्यांना क्रमाचे महत्त्व कळत होते, याच्या खुणा जागोजागी सापडतात. मुंबईत १९४८ साली डॉ. कांगा यांच्या स्मरणार्थ सुरू झालेली साखळी स्पर्धा मुद्दाम पावसाळ्यात ठेवली गेली. ओल्या, उघड्या खेळपट्टीवर चेंडू उसळतो, थांबतो, फिरतो. मुंबईच्या फलंदाजांचे तंत्र ज्या शाळांत घडले, त्यांतली ही एक. इराणी सामन्याची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. रणजी विजेते विरुद्ध शेष भारत अशी ही लढत १९५९-६० च्या मोसमात सुरू झाली, तेव्हा ती मोसमाच्या शेवटी होत असे. मंडळाला लवकरच उमगले, की देशातले उत्तम बावीस खेळाडू शेवटी एकत्र आणून निवडीला काही उपयोग नाही. म्हणून १९६५-६६ पासून हा सामना मोसमाच्या आरंभी आला आणि पुढे जवळजवळ अर्धशतक तिथेच राहिला.

त्या जागेचे मोल दाखवणारे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. नोव्हेंबर १९८९ च्या पहिल्या आठवड्यात वानखेडेवर शेष भारताकडून दिल्लीविरुद्ध सोळा वर्षांच्या सचिन तेंडुलकरने नाबाद १०३ धावा केल्या. हाताला दुखापत झालेला गुरशरण सिंग दुसऱ्या टोकाला उभा राहिला म्हणून ते शतक पूर्ण झाले. १५ नोव्हेंबरला सचिन कराचीत पहिली कसोटी खेळत होता. या कथेत आपल्याला गुरशरणचे धैर्य आठवते, सचिनचे वय आठवते. माझ्या कागदावर मात्र दोन तारखांमधले अंतर दिसते. देशातल्या सर्वोत्तम गोलंदाजांपुढे पाच दिवसांचा सामना आणि त्यानंतर आठवड्याभरात कसोटी.

दुसरे उदाहरण १९९८ चे. ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आला. २४ ते २६ फेब्रुवारी या काळात ब्रेबॉर्नवर मुंबईशी तीन दिवसांचा सामना झाला. तेंडुलकर नाबाद २०४, शेन वॉर्नला १६ षटकांत १११ धावा पडल्या आणि एकही बळी नाही. मुंबई दहा गडी राखून जिंकली. वॉर्न लेगस्टंपाबाहेरच्या खडबडीत भागात चेंडू टाकणार, हे ओळखून सचिनने चेन्नईत लक्ष्मण शिवरामकृष्णनकडून तशाच चेंडूंचा सराव करून घेतला. ६ मार्चला सुरू झालेल्या चेन्नई कसोटीच्या दुसऱ्या डावात त्याने नाबाद १५५ धावा केल्या. नेटमधला सराव, सामना आणि कसोटी ही साखळी इथे तुटलेली नाही. यजमान देशाचा सर्वोत्तम फलंदाज आपल्या राज्याच्या संघाकडून पाहुण्यांशी खेळतो, ही कल्पनाच आज परकी वाटते.

२०२४ ची शरद ऋतूतली परीक्षा

आता अलीकडच्या कागदाकडे येऊ. ७ ऑगस्ट २०२४ रोजी श्रीलंकेतला शेवटचा एकदिवसीय सामना झाला. पुढचा आंतरराष्ट्रीय सामना चेन्नईत १९ सप्टेंबरला, बांगलादेशविरुद्धची कसोटी. मध्ये सहा आठवडे मोकळे. ५ सप्टेंबरला दुलीप करंडकाची पहिली फेरी होती. गिल, पंत, जयस्वाल, राहुल खेळले. रोहित, कोहली, बुमरा, अश्विन यांना सूट मिळाली. चेन्नईत गिल आणि पंत यांनी शतके केली. रोहितच्या धावा ६ आणि ५, कोहलीच्या ६ आणि १७. मात्र दुलीप न खेळलेल्या अश्विनने शतकही केले आणि दुसऱ्या डावात सहा बळीही घेतले. इथे वेळापत्रकात जागा होती. काहींनी ती घेतली, काहींनी नाही. ‘वेळच नसतो’ हे म्हणणे या वेळी तरी खरे नव्हते. तारकांवरच्या टीकेत जेवढे तथ्य आहे ते हे, आणि ते मी मान्य करतो.

यापुढचा भाग वेगळा आहे. कानपूरची कसोटी १ ऑक्टोबरला संपली. न्यूझीलंडविरुद्धची पहिली कसोटी बंगळुरूला १६ ऑक्टोबरला. मधल्या पंधरवड्यात खालच्या ओळीत काय होते? इराणी सामना १ ते ५ ऑक्टोबर, म्हणजे कानपूर संपण्याच्या दिवशीच सुरू झालेला. रणजीची पहिली फेरी ११ ते १४ ऑक्टोबर, म्हणजे संपल्यावर एकच दिवस हाताशी ठेवणारी. कसोटीच्या पहिल्या अकरातला खेळाडू यांपैकी काहीच खेळू शकत नव्हता. बंगळुरूला काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या डावात सर्वबाद ४६. मग पुण्यात मिचेल सँटनरचे १३ बळी, मुंबईत १४७ धावांचा पाठलाग करताना सर्वबाद १२१. मायदेशातल्या सलग अठरा मालिका-विजयांची माळ तुटली. तीन कसोटींत रोहितच्या ९१ धावा, कोहलीच्या ९३.

या मालिकेत मला तीन नोंदी महत्त्वाच्या वाटतात. पहिली सरफराज खानची. तो कानपूरच्या कसोटीत नव्हता, म्हणून लखनऊला इराणी सामना खेळू शकला आणि तिथे त्याने मुंबईकडून नाबाद २२२ धावा केल्या. त्यानंतर बंगळुरूच्या दुसऱ्या डावात त्याच्या १५० धावा झाल्या. दुसरी वॉशिंग्टन सुंदरची. बंगळुरूची कसोटी चालू असताना तो तमिळनाडूकडून दिल्लीविरुद्ध रणजी खेळत होता. तिथे १५२ धावा केल्या, तिथूनच संघात आला आणि पुण्यात दोन्ही डावांत मिळून ११ बळी घेतले. तिसरी नोंद पाहुण्यांची. न्यूझीलंडचा संघ भारतात येण्याआधी गॉलला श्रीलंकेशी दोन कसोटी खेळला होता. दोन्ही हरला, त्यातली दुसरी एका डावाने. तज्ज्ञांनी त्यावरून अंदाज बांधला, की हा संघ भारतात टिकणार नाही. पण फिरत्या खेळपट्ट्यांवरचे दोन पराभवसुद्धा तयारी ठरू शकतात. हरणे आणि न खेळणे यांत फरक असतो.

दोन-तीन खेळाडूंवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मला कळते. सरफराजने पुणे आणि मुंबईच्या चार डावांत मिळून एकवीसच धावा केल्या, हेही त्याच कागदावर लिहिलेले आहे. पण जे खालच्या ओळीतून थेट वर आले त्यांच्या हातापायांत सामना होता, एवढे म्हणायला हरकत नसावी.

नऊ आठवड्यांची दरी

२०२४-२५ पासून रणजीची साखळी दोन तुकड्यांत विभागली गेली. ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबर पाच सामने. मग सय्यद मुश्ताक अली करंडक आणि विजय हजारे करंडक, म्हणजे वीस आणि पन्नास षटकांच्या स्पर्धा. मग २३ जानेवारीपासून उरलेले दोन साखळी सामने आणि बाद फेरी. कारणे सांगितली गेली ती समजण्यासारखी आहेत. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुके आणि अपुरा प्रकाश यांमुळे खेळ वाया जातो. शिवाय दमछाकीचा मुद्दा होता. मार्च २०२४ मध्ये रणजीच्या उपांत्य सामन्याच्या वेळी मुंबईच्या शार्दूल ठाकूरने उघडपणे सांगितले होते, की तीन-तीन दिवसांच्या अंतराने चार दिवसांचे सामने खेळवले तर वेगवान गोलंदाज टिकणार नाहीत. त्या तीन दिवसांतच प्रवासही करायचा असतो. शार्दूलचे म्हणणे योग्यच होते.

पण उत्तर काय निघाले ते पाहा. पहिल्या तुकड्याचा शेवट १६ नोव्हेंबर २०२४, दुसऱ्याचा आरंभ २३ जानेवारी २०२५. ऑस्ट्रेलियातली पाच कसोटींची मालिका २२ नोव्हेंबर ते ५ जानेवारी. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्या की दिसते, की ती संपूर्ण मालिका या दरीत बसते. भारत पाच कसोटी खेळत होता, त्या काळात भारतात रणजीचा एकही सामना झाला नाही. मालिकेच्या मध्यावर, १८ डिसेंबरला, अश्विनने निवृत्ती जाहीर केली. त्याच्या जागी बोलावलेला तनुष कोटियन तेव्हा मुंबईकडून विजय हजारे करंडक खेळत होता. पन्नास षटकांत दहा षटके टाकणारा फिरकी गोलंदाज मेलबर्नला पाच दिवसांच्या सामन्यासाठी निघाला. दोष त्याचा नाही, मंडळाला त्या आठवड्यात दुसरीकडे पाहायला जागाच नव्हती.

तुलनेसाठी २०१८-१९ चा मोसम घ्या. रणजी १ नोव्हेंबर ते ७ फेब्रुवारी सलग चालली. त्या वर्षीही ऑस्ट्रेलिया दौरा होता. पृथ्वी शॉ सराव सामन्यात जखमी झाला, तेव्हा कर्नाटकाकडून त्याच मोसमात रणजी खेळत असलेला मयंक अगरवाल बोलावला गेला. २६ डिसेंबरला मेलबर्नवर पहिल्याच कसोटी डावात त्याने ७६ धावा केल्या. वरची आणि खालची ओळ एकमेकींना जोडलेली होती.

मार्चनंतर तर खालची ओळ कोरीच राहते. २०२५ चा रणजी अंतिम सामना नागपूरला २ मार्च रोजी संपला. पहिल्या डावातल्या आघाडीवर विदर्भ विजेता ठरला. विदर्भाच्या हर्ष दुबेने त्या मोसमात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. मग २२ मार्च ते ३ जून आयपीएल. लीड्सची कसोटी २० जूनला. म्हणजे ११० दिवस देशात प्रथम श्रेणीचा एकही सामना नाही. इंग्लंडसाठी तयारी म्हणून काय होते? भारत ‘अ’ संघाचे इंग्लंड लायन्सशी कँटरबरी आणि नॉर्दम्प्टन इथले दोन सामने आणि मग आपल्याच दोन संघांमधली बेकनहॅमची लढत. ज्याचा आयपीएल संघ लवकर बाहेर पडला त्याला सराव मिळाला, ज्याचा पुढे गेला त्याला नाही. के. एल. राहुल नॉर्दम्प्टनला पोहोचला, ११६ धावा केल्या आणि पुढच्या मालिकेत ५३२.

आणि २०२०-२१ साल विसरून चालणार नाही. साथीमुळे मोसम आखडता घ्यावा लागला, तेव्हा मुश्ताक अली आणि विजय हजारे या दोन्ही स्पर्धा झाल्या. १९३४-३५ पासून महायुद्धातही न थांबलेली रणजी त्या वर्षी प्रथमच झाली नाही. कपात करायची वेळ आली की आधी काय कापले जाते, यावरून घरातल्या माणसांची पत कळते.

उलट बाजूचा पुरावा

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग पर्थचे काय? प्रश्न रास्त आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्थला जाताना भारत ‘अ’शी ठरलेला सराव सामना रद्द करून आपापसांतच सराव झाला. सुनील गावसकरांनी त्यावर टीका केली. आणि भारताने पर्थची कसोटी २९५ धावांनी जिंकली. नंतर कॅनबेरात पंतप्रधान एकादशशी गुलाबी चेंडूचा सराव सामना झाला, त्यातला एक दिवस पावसात गेला, आणि ॲडलेडची कसोटी भारत दहा गडी राखून हरला. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात गिल ‘अ’ संघाचा एकही सामना न खेळता गेला आणि त्याने ७५४ धावा केल्या. उलट, करुण नायरने २०२४-२५ च्या रणजीत विदर्भाकडून ८६३ धावा केल्या होत्या, कँटरबरीला २०४ केल्या, पण चार कसोटींत मिळून त्याच्या २०५ धावा झाल्या.

असा पुरावा लपवून लेख लिहिणे अप्रामाणिक ठरेल. मी त्याचा अर्थ असा लावतो. असामान्य खेळाडू वेळापत्रकावर मात करतो. बुमरा किंवा गिल काय करतात यावरून व्यवस्था बरी आहे, असे म्हणता येत नाही. व्यवस्था असते ती संघातल्या सहाव्या-सातव्या क्रमांकाच्या फलंदाजासाठी, तिसऱ्या-चौथ्या गोलंदाजासाठी, आयत्या वेळी बोलावल्या जाणाऱ्यासाठी. त्याला कुठल्या सामन्यातून आणले, यावर त्याची आणि पुष्कळदा मालिकेचीही गत ठरते. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतला पार्लचा सराव सामना रद्द केला गेला, इंग्लंडमध्ये एसेक्सविरुद्धचा चार दिवसांचा सामना तीन दिवसांवर आला, आणि दोन्ही मालिकांतली पहिली कसोटी भारताने थोडक्यात घालवली, केपटाऊनला ७२ धावांनी आणि बर्मिंगहॅमला ३१ धावांनी. इतक्या कमी अंतराने हरलेल्या सामन्यांतच तयारीची किंमत कळते.

आदेश कोणाला?

या पार्श्वभूमीवर मंडळाचे आदेश वाचावेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये श्रेयस अय्यर आणि ईशान किशन यांची नावे वार्षिक करारातून वगळली गेली आणि देशांतर्गत क्रिकेटला प्राधान्य देण्याची ताकीद मिळाली. जानेवारी २०२५ मध्ये देशांतर्गत सामने खेळणे बंधनकारक झाले. दोन्ही वेळा बोट खेळाडूकडे आहे. खेळाडूने खेळावे हे खरेच, पण तारखा खेळाडू ठरवत नाही. वरची ओळही मंडळ आखते आणि खालचीही. आपणच रिकाम्या ठेवलेल्या जागेसाठी दुसऱ्याला जाब विचारणे, हा या आदेशांतला दोष आहे. त्यांना शिस्तीची भाषा येते, नियोजनाची येत नाही.

हा लेख मी २०२५ च्या ऑगस्टअखेर लिहिला. त्या नव्या मोसमाचा कागद समोर होता. वेस्ट इंडीजविरुद्धची पहिली कसोटी अहमदाबादला २ ऑक्टोबरपासून, आणि नागपूरचा इराणी सामना १ ते ५ ऑक्टोबर. दुसरी कसोटी दिल्लीला १० ऑक्टोबरपासून, म्हणजे ठरलेल्या पाच दिवसांनुसार १४ तारखेपर्यंत. रणजी सुरू होणार होती १५ ऑक्टोबरला. मायदेशातली पहिली मालिका पूर्ण संपल्यावर दुसऱ्या दिवशी रणजीचा पहिला चेंडू. पुढे भारतीय संघ मर्यादित षटकांचे सामने खेळायला ऑस्ट्रेलियात, तो दौरा ८ नोव्हेंबरपर्यंत. १४ नोव्हेंबरला कोलकात्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटी. रणजीचा पहिला तुकडा १९ नोव्हेंबरला थांबणार होता आणि दुसरा २२ जानेवारीला सुरू होणार होता. पुन्हा नऊ आठवडे. तयारीची जबाबदारी तेव्हा भारत ‘अ’ संघावर होती. सप्टेंबरमध्ये लखनऊला ऑस्ट्रेलिया ‘अ’शी चार दिवसांचे दोन सामने ठेवले होते. ‘अ’ संघ उपयोगी आहेच, पण तिथे पंधरा जण निवडून जातात. रणजीत अडतीस संघ असतात. निवडलेल्यांचीच तयारी करायची ठरवली, तर निवडायचे कोणातून?

काय करता येईल

टीका करणाऱ्याने पर्याय सांगावा, या जुन्या शिरस्त्याला धरून थोडे लिहितो.

पहिली गोष्ट भूगोलाची. धुक्याचे कारण खरे आहे, पण ते अर्ध्या देशापुरते. परतीचा मोसमी पाऊस पश्चिम राजस्थानातून सर्वसाधारणपणे सप्टेंबरच्या मध्यालाच माघारी वळतो. तमिळनाडूत मात्र खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. मग जयपूर, मोहाली, दिल्लीचे घरचे सामने सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर ठेवावेत, आणि डिसेंबर-जानेवारीत पुणे, नाशिक, राजकोट, नागपूर, बंगळुरू, चेन्नईचे. त्रयस्थ मैदानांचा प्रयोग २०१६-१७ मध्ये फसला होता, तसले काही लागत नाही. घरचे सामने हवामान पाहून आधी-नंतर लावायचे, इतकेच. मग डिसेंबरभर रणजी थांबवण्याचे कारण उरत नाही.

दुसरी गोष्ट दिवसांची. सात साखळी सामने म्हणजे २८ दिवस, बाद फेरीचे तीन पाच-दिवसीय सामने म्हणजे १५. अंतिम फेरी गाठणाऱ्या संघालाही ४३ दिवसांचेच क्रिकेट. ऑक्टोबर ते मध्य मार्च या साडेपाच महिन्यांत ते पाच-पाच दिवसांच्या विश्रांतीसह बसते. वीस षटकांची स्पर्धा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आयपीएलच्या तोंडावर ठेवली तर तीही खऱ्या अर्थाने तयारी होईल. आयपीएल संघांना लिलावाआधी खेळाडू पाहायचे असतात, असे यावर म्हटले जाते. पण २०२४ चा लिलाव २४ आणि २५ नोव्हेंबरला झाला आणि मुश्ताक अली २३ नोव्हेंबरला सुरू झाला होता. तिथेही क्रम चुकलेलाच.

तिसरी गोष्ट, मायदेशातल्या प्रत्येक मालिकेआधी रणजीच्या किमान दोन फेऱ्या. हे अशक्य नाही. ऑस्ट्रेलियात बिग बॅशने शेफील्ड शिल्डची दोन शकले केली आहेत, म्हणजे त्यांचेही घर काचेचे आहे. पण २०२५ ची ॲशेस २१ नोव्हेंबरला सुरू झाली आणि त्याआधी शिल्डच्या चार फेऱ्या त्यांनी आखल्या होत्या. इंग्लंडने मात्र ऑगस्ट ‘द हंड्रेड’ला देऊन कौंटी सामने एप्रिल-मे आणि सप्टेंबरच्या कडेला ढकलले. दोन्ही वाटा आपल्यासमोर आहेत.

शेवटी एक सांगायचे राहिले. तयारी, तयारी म्हणत मीही रणजीला कसोटीची तालीम करून टाकली. नाशिकच्या त्या मैदानावर जी बावीस मुले खेळत होती, त्यांतल्या बहुतेकांना भारताची टोपी मिळणार नाही आणि त्यांना ते माहीत आहे. त्यांच्यासाठी तो सामना कशाचीही तालीम नव्हता. तोच त्यांचा मोसम, तीच त्यांची कसोटी. नऊ आठवड्यांची दरी त्यांच्याही वाट्याला येते. नोव्हेंबरात लय सापडलेल्या गोलंदाजाला जानेवारीत ती पुन्हा शोधावी लागते, आणि तेव्हा दोनच साखळी सामने उरलेले असतात. खालची ओळ नीट आखली तर वरचीला फायदा होईल हे खरे, पण ती खालच्यांसाठीही नीट आखली पाहिजे.

त्या दिवशी मी त्या तरुणाला सांगितले, ‘‘रोहित तीनवर गेला.’’ तो हळहळला आणि मोबाइल खिशात ठेवून निघू लागला. मी म्हटले, ‘‘आलाच आहेस तर बस की, इथंही रणजीच चाललीय.’’ तो जरा घुटमळला, मग शेजारी टेकला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याने महाराष्ट्राच्या अकराही जणांची नावे विचारून घेतली होती.